डब्यांखालची तीन वर्षं

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आज दिल्ली कँटमध्ये जाऊन मोटरसायकल बघितली. बघितली म्हणजे काय, बघतच राहिले.

मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळींची जाहिरात होती: काळी बुलेट, २०१६ची, फौजीची, एकाच हातची. हवालदार शंभू फडतरे साताऱ्याकडचे. डिसेंबरअखेरीला रिटायर होऊन गावी निघालेत. दिल्लीच्या नंबरची गाडी तिकडे न्यायची तर आरटीओच्या फेऱ्या कोण मारणार, म्हणून विकतायत. क्वार्टरच्या मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली ती उभी होती. त्यांच्या बायकोने, शिवांजलीवहिनींनी, वरचं कापड काढून त्याची घडी घातली, ओढणी कमरेला खोचली आणि किक मारली. एकच किक. एवढ्या थंडीत, सकाळी नऊला. इंजिनाचा आवाज जमिनीतून माझ्या पायांत चढला आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. धुरकं असणार. हल्ली दिल्लीत सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात.

मग सर्व्हिस बुक मागितलं. मी ऑडिटमध्ये आहे. माणसाचं तोंड बघायच्या आधी कागद बघते, असं ऑफिसात माझ्याबद्दल बोलतात आणि ते खोटं नाही. पहिली पानं बघून जीव सुखावला. प्रत्येक पानावर शिक्का, तारीख, किलोमीटर, सही. डिसेंबर २०१९चा शिक्का १८,२४० किलोमीटरला. त्याच्या पुढचा थेट जानेवारी २०२३चा, २७,९००ला. मधली पानं कोरी.

"मधली तीन वर्षं?" मी विचारलं.

"मी फील्डवर होतो," फडतरे म्हणाले. "वर, बर्फात."

"आणि गाडी?"

"गाडी इथंच. फॅमिलीपण इथंच होती."

"मग साडेनऊ हजार किलोमीटर चालवली कुणी? आणि सर्व्हिसिंग कुठे झालं?"

त्यांनी बायकोकडे बघितलं. वहिनींनी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "झालंय की सगळं," त्या म्हणाल्या. "वेळच्या वेळी झालंय."

"बिलं?"

"बिलं न्हाईत."

कळवते म्हणून निघाले. घरी आईला सांगितलं की ऑफिसचं काम होतं. रविवारी कसलं ऑफिस, असं तिने विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मोटरसायकल का हवी याची कारणं एकदा लिहून ठेवते. एक, आमचं सेक्शन नोएडाच्या पार टोकाला हललंय. लक्ष्मीबाई नगरहून दोन मेट्रो आणि एक ई-रिक्षा. दोन, लायसन्स बारा वर्षांपूर्वीचं आहे, नुसतं पर्समध्ये पडून आहे. तीन, परवडते.

स्कूटर घे म्हणून सगळे सांगतात. स्कूटरनेही हे तिन्ही प्रश्न सुटतात, हे लिहितानाच लक्षात आलं. पुढचं कारण सुचेना, म्हणून वही मिटली.

३ डिसेंबर, बुधवार

दादाचा नागपूरहून फोन. धम्मदीपदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बँकेत आहे. त्याला बुलेटचं सांगितलं. आईला सांगायच्या आधी त्याला सांगायची माझी सवय जुनीच.

"घे ना यार," तो म्हणाला. "मी दिल्लीला आलो की मागे बसतो. पाय आडवा काढून. ट्रॅफिकवाले आपोआप बाजूला होतील."

हसला. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही. अकरा वर्षं झाली, आणि तो त्याच्यावर जेवढे विनोद करतो तेवढी मी जास्त गप्प होते.

ते इथे कधी लिहिलेलं नाही, आज लिहिते. आम्ही तेव्हा गाझियाबादला राहत होतो. बाबा होते. दादाने मार्च २०१४मध्ये डीलरकडून सेकंडहँड मोटरसायकल घेतली. मी वीस वर्षांची, बी.कॉम.ला, घरातली कागद वाचणारी, म्हणून मला बरोबर नेलं होतं. सर्व्हिस बुकात चार पानं कोरी होती. मी ती बघितली. डीलर म्हणाला, "मैडम, लोकल में करा लिया होगा," आणि दादाने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणाले, "चलेगा." महिन्याभरात पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि तो उभ्या ट्रकवर गेला.

'चलेगा' हे मी आईला कधीच सांगितलेलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आई आणि मी संसद मार्गावर अभिवादनाला जाऊन आलो. नेहमीसारखी गर्दी, नेहमीसारखी आईच्या पिशवीत तिची पाण्याची बाटली. बासष्ट वर्षांची झाली, पण बाहेर कुणाच्या घरचं पाणी पीत नाही. घसा धरतो म्हणते.

परतताना बसमध्ये सांगून टाकलं. बसमध्ये ती ओरडणार नाही असा माझा हिशोब होता. ती ओरडली नाहीच.

"चालवणार कोण?"

"मी."

"जुनी आहे?"

"नऊ वर्षांची. पण छान ठेवली आहे."

"पुस्तक पूर्ण आहे का?"

मी म्हटलं, बघते आहे. ती म्हणाली, "मधलं एक पान जरी कोरं असेल ना श्रावस्ती, तर ती गाडी माझ्या दारात आणायची नाही. आणलीस तर मी दीपकडे नागपूरला जाईन." आवाज न चढवता म्हणाली. मी तिला ओळखते, ती जाईल.

बरोबरच आहे तिचं. मीही दुसऱ्या कुणाला हाच सल्ला दिला असता. मग सरळ फडतऱ्यांना नाही कळवून मोकळी का होत नाही, ते समजत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

पेस्ट कंट्रोलवाला आला होता. स्वयंपाकघर रिकामं करून ठेवा म्हणून निरोप होता. आईने सगळे कप्पे रिकामे केले, सर्वांत खालचा सोडून. तिथे तुरीच्या डाळीचा आणि तांदळाचा मोठा डबा असतो. त्यांच्याखाली कुठलासा जुनाट कॅलेंडरचा कागद आहे, गाझियाबादच्या घरातून आणलेला. तिथल्या कपाटाच्या मापाचा, म्हणून इथे चार बोटं बाहेर लोंबतो. दरवर्षी एक जानेवारीला ती सगळ्या कप्प्यांना सरत्या वर्षाचे कागद घालते, हा एक सोडून. मी आज ओढायला गेले तर हातावर चापट बसली.

"राहू दे तो."

"आई, झुरळं त्याच्याच खाली आहेत."

"असू देत."

चिकटपणाची हद्द आहे.

१४ डिसेंबर, रविवार

आज जे बघितलं ते जमेल तसं लिहिते.

राजीवला घेऊन कँटला गेले. राजीव मूळचा पानिपतचा, गाझियाबादला त्याचं गॅरेज आहे, दादाच्या वेळेपासून ओळखीचा. गाडी घेऊ नका असं त्याने सांगावं आणि प्रश्न मिटावा, असं मी मनाशी ठरवून गेले होते. त्याने इंजिन चालू केलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावून दुसऱ्या टोकाला कान टेकवला आणि डोळे मिटून बसला. मग टॉर्च घेऊन खाली वाकला आणि पंधरा मिनिटं वर आलाच नाही.

"मैडम, ये किसका काम है?"

"क्यों, क्या हुआ?"

"एक भी नट का मुँह घिसा नहीं है. तेल के बोल्ट का वॉशर हर बार नया डाला है. कंपनी में इतना टाइम कौन देता है?" त्याने टॉर्च नटावर धरला. "और ये देखिए. हर नट पे लाल निशान."

खरंच होते. चाकाच्या नटावर, ब्रेकच्या दांडीवर, इंजिनाखाली, तांदळाच्या दाण्याएवढे लाल ठिपके. अर्धा नटावर, अर्धा त्याच्या शेजारी. राजीवने नखाने खरवडून वास घेतला. "नेल पॉलिश है," तो म्हणाला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की जणू ती माझीच.

माझं डोकं सरळ चाललं. सगळे नट खोलले होते म्हणजे गाडी पूर्ण उघडली होती. पूर्ण कधी उघडतात? मोठा अपघात झाला की. मी फडतऱ्यांना तसं तोंडावर विचारलं.

ते लाल झाले. "सांग की गं आता," ते बायकोला म्हणाले.

वहिनी माझ्याकडे न बघता बोलल्या. "मागं एक जण आले होते गाडी बघायला. त्यांना खरं सांगितलं. हसले आणि गेले. म्हणून तुम्हाला सांगितलं न्हाई. ताई, ते सगळं मीच केलंय."

फडतऱ्यांची बदली जानेवारी २०२० मध्ये वर झाली. मार्चमध्ये सगळं बंद. तेल बदलायची वेळ आली तेव्हा सर्व्हिस सेंटरला कुलूप. फडतऱ्यांना आठवड्याला दहा मिनिटं फोन मिळायचा, मागे रांग उभी. त्या दहा मिनिटांत ते तिकडून इंजिन सांगायचे, डोळे मिटून, आठवून आठवून: डाव्या पायाशी बस, खाली हात घाल, मोठा बोल्ट लागेल. ती इकडे अंगणात, फोन खांद्यात धरून. एका फोनमध्ये एक काम. बोल्ट किती आवळायचा हे फोनवर कसं सांगणार? म्हणून पहिल्या वेळी त्यांनी तिला नट सोडवायच्या आधी खूण करायला लावली. घरात नेल पॉलिश होती. दोन अर्धे ठिपके जुळले की हात थांबवायचा.

"दहा मिनिटांत दुसरं काही बोलणं व्हायचंच न्हाई," फडतरे म्हणाले. "मागची पोरं हसायची. फडतरे बायकोशी प्लगचं बोलतोय."

"मग सेंटर उघडल्यावर?" मी विचारलं.

"तवर मला यायला लागलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला येतंय म्हटल्यावर दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायची? चालवायलाही शिकले, ह्याच रस्त्यावर. पोरीची शाळा, दवाखाना, समदं हिच्यावरच."

राजीव बुलेटसमोर उकिडवा बसून हे ऐकत होता. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे. त्याने हात पुसले आणि वहिनींना नमस्कार केला.

मी काय केलं? मी विचारलं, "तारखा आहेत का?" मला माझीच लाज वाटली, पण विचारलं.

"आहेत की," त्या म्हणाल्या. "आत या."

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला तीन दगडी फळ्या. त्यांनी वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले. पोहे, रवा, साखर, शेंगदाणे. खाली मराठी कॅलेंडरची पानं अंथरलेली, जानेवारी २०२० पासून ओळीने. मधल्या फळीवर २०२१, त्यातले चार महिने नव्हते, ते मुलीच्या नकाशाच्या वहीला कव्हर म्हणून गेलेले. वहीसुद्धा आणून दाखवली. खालच्या फळीवर २०२२. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाची खूण, महिना-दीड महिन्याने सिलिंडर, शाळेची फी, कुणाचा वाढदिवस. आणि त्यांच्यातच बारीक अक्षरात: तेल. चेन. प्लग. क्लचची तार. ब्रेक. ब्रेक दर चौथ्या रविवारी. शेजारी किलोमीटर. तीन वर्षं. एकही चौथा रविवार रिकामा नाही.

एप्रिल २०२१ मध्ये आकडे एकदम वाढलेले दिसले. एका आठवड्यात रोज: हॉस्पिटल २. हॉस्पिटल ३. हॉस्पिटल ४. मी बोट ठेवून विचारलं.

"आमच्या क्वार्टरच्या लाइनीतली माणसं," त्या म्हणाल्या. "पुरुष सगळे बाहेर. ॲम्ब्युलन्स मिळत नव्हती. मागं बसवायची, ओढणीनं माझ्याशी बांधायची आणि न्यायची."

बाकी काही सांगितलं नाही. डबे जागेवर ठेवायला लागल्या.

मी सात वर्षं लोकांच्या नोंदी तपासते आहे. सोनेरी अक्षरांच्या बांधीव रजिस्टरांतून खाडाखोड शोधून काढते. अशी नोंद मी आजपर्यंत बघितली नव्हती. मेट्रोत उभी राहून आले, बसायला जागा होती तरी. बसावंसं वाटलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

रात्र गेली, ऑडिट परत जागं झालं. एक, ही विकणाऱ्याचीच नोंद. दोन, गेल्या आठवड्यात बसून लिहिली नसेल कशावरून? (नसेल. मला माहीत आहे नसेल. पण 'चलेगा' म्हणतानाही मला माहीत होतं.) तीन, आईला काय सांगू? कोरी पानं सापडली, ती रव्याच्या डब्याखाली आहेत?

१८ डिसेंबर, गुरुवार

आईला सांगितलं. सगळं, ठिपक्यांसकट. ती मेथी निवडत होती, हात थांबला.

"दर चौथ्या रविवारी?"

"दर चौथ्या."

"मला बघू दे," ती म्हणाली.

२१ डिसेंबर, रविवार

आईला घेऊन गेले. अंगणातल्या गाडीकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. थेट विचारलं, "कागद कुठे आहेत?"

स्वयंपाकघराच्या दारात मात्र ती थांबली. मला वाटलं गुडघा भरला असेल.

"मी इथूनच बघते," ती म्हणाली. "कागद इकडे आणा."

"कागद जुने आहेत काकू, हलवले की फाटतील," वहिनी म्हणाल्या. "या की आत."

आई हलली नाही. "आम्ही मेश्राम," ती म्हणाली.

ओळख करून द्यायची ही कुठली वेळ, मला काही कळेना. मी आधीच सगळं सांगितलं होतं.

वहिनींनी हात पदराला पुसले, पुढे येऊन आईचं मनगट धरलं. "माहीत आहे काकू. या. डबे तुम्हीच उतरवा तुमच्या हातानं, म्हणजे नीट बघता येईल."

आईने डबे उतरवले. फार सावकाश, दोन्ही हातांनी, काचेचे असल्यासारखे. मग चष्मा लावून ती पानांवर वाकली आणि मी जे चार तासांत केलं नसतं ते तिने दहा मिनिटांत केलं. मे २०२० वर तिने नख टेकवलं. "हे बघ. हळदीच्या डब्याचा गोल डाग शाईच्या वर आहे. आधी लिहिलं, मग डबा आला. हे आत्ता लिहिलेलं नाही." पुढच्या पानावर पेन संपत आलेलं दिसलं तिला: दूध, सिलिंडर आणि चेन एकाच फिकट निळ्यात, चार दिवसांनंतरच्या सगळ्या नोंदी काळ्यात. "एका बैठकीत लिहिलं असतं तर रंग एकच असता." मी मागे तोंड उघडं टाकून उभी. सात वर्षं मी ज्या कामाचा पगार घेते ते ही बाई फुकट करत आली आहे आणि मला पत्ता नाही.

मग ती एका तारखेवर अडली. सप्टेंबर २०२२. रविवारच्या चौकोनातला 'ब्रेक' खोडून मागे बाण काढला होता आणि शनिवारी लिहिलं होतं.

"हे शनिवारी का?"

वहिनींनी वाकून बघितलं. "रविवारी घरात सत्यनारायण होता काकू. वेळ झाला नसता. म्हणून आदल्या दिवशी उरकलं."

"पुढच्या रविवारी ढकललं असतं तरी चाललं असतं."

"ब्रेकचं काम कसं ढकलायचं?" वहिनी सहज म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

आई ओट्याला धरून खाली बसली. तिथेच, फरशीवर. मी घाबरले. तिने पाणी मागितलं. वहिनींनी स्टीलच्या पेल्यातून दिलं. आई ते तोंड लावून सगळं प्यायली, आणि आणखी मागितलं. पिशवीत तिची बाटली भरलेली होती, मी दाखवली, तिने बघितलीच नाही.

परतताना मेट्रोत ती एवढंच म्हणाली, "घे ती गाडी."

मला आनंद झाला. मग भीती वाटली. ती इतकी लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं.

२८ डिसेंबर, रविवार

कागदांवर सह्या झाल्या. फडतऱ्यांचं घर खोक्यांत भरलं होतं. वहिनींनी स्वतः मागे बसून मला छावणीच्या रस्त्यावर चालवायला लावलं. पहिला गिअर टाकताना मी दोनदा पायाकडे बघितलं. त्या कानाशी म्हणाल्या, "घाई नको. ती सांगते कधी बदलायचं ते. ऐका." आणि खरंच, तिसऱ्या वळणानंतर ऐकू यायला लागलं. बारा वर्षांनी. मी हेल्मेटच्या आत रडत होते आणि या वेळी धुरक्याचं नाव सांगायला समोर कुणी नव्हतं.

मग अंगणात बसून ब्रेक शिकवला. मागचा पायाशी किती बोटं खाली जायला हवा, दांडीवरचा नट कसा फिरवायचा, ठिपके कुठे जुळतात. माझ्याकडून तीनदा करून घेतलं. निघताना दोन वस्तू दिल्या. एक, नेल पॉलिशची अर्धी बाटली. दुसरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब सुरळी.

"फळ्यांवरचे कागद," त्या म्हणाल्या. "सुरीनं हळूहळू सोडवले. वहीचं कव्हरपण काढून घातलंय. हिची पानं आहेत, हिच्याबरोबरच गेली पाहिजेत."

त्यांनी टाकीवर एकदा हात ठेवला आणि आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. फडतरे म्हणाले, भांडी भरायची राहिली आहेत.

गाडी आता खाली पार्किंगमध्ये आहे. मी तीनदा जाऊन बघून आले. आई अजून खाली उतरलेली नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

सकाळी नवीन कॅलेंडर लागलं. आईने २०२५ची पानं कापून कप्प्यांना घातली. मी डबे देत होते. शेवटचा, खालचा कप्पा आला तशी मी सवयीने उठले.

"थांब," ती म्हणाली.

तिने स्वतः तांदळाचा डबा ओढून काढला, मग डाळीचा. खालचा कागद पिवळा, तेलकट, कडेला झुरळांनी खाल्लेला. तो दोन्ही हातांनी उचलून तिने माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "वाच," म्हणाली. "आता तुला वाचता येतं."

एप्रिल २०१४. दुधाच्या खुणा. १४ तारखेला लाल पेनने गोल, शेजारी 'खीर, ४० माणसं'. आदल्या दिवशी, रविवारी १३च्या चौकोनात, आईच्या अक्षरात: दीप – ब्रेक दाखवणे. ते खोडलेलं. त्यातून एक बाण निघून पुढच्या रविवारी, २० तारखेला, गेलेला. तिथे पुन्हा: ब्रेक.

अपघात १७ तारखेला झाला होता. त्या चौकोनात काहीच नाही. दुधाची खूणसुद्धा नाही.

"त्याने मला सांगितलं होतं," आई म्हणाली. "आई, ब्रेक ढिला वाटतोय, रविवारी राजीवकडे जातो. मी म्हटलं, या रविवारी नको, दुसऱ्या दिवशी जयंती, चाळीस माणसांचं जेवण आहे, सामान कोण आणणार? पुढच्या रविवारी जा." कागदाची वाकलेली कड ती बोटाने सरळ करत होती. "त्या पोरीने मागे आणलं. मी पुढे ढकललं."

मी तिला 'चलेगा' सांगितलं. चार कोरी पानं, डीलर, दादाचं माझ्याकडे बघणं, सगळं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दीपने दवाखान्यातच सांगितलं होतं. म्हणाला, श्रावस्तीला कधी विचारू नको. ती स्वतःला खाईल."

"आणि तुझं? तुझं त्याला माहीत आहे?"

"त्याला माहीत असणारच ना. त्यालाच तर मी थांबवलं."

म्हणजे अकरा वर्षं दादाला आम्हा दोघींचं माहीत आहे. आणि तो पाय आडवा काढून मागे बसायचे विनोद करतो. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, कधी ठेवलं आठवत नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी आम्ही उठलो नाही.

मग आईने तो कागद पुसला, त्याची सुरळी केली आणि वहिनींनी दिलेल्या सुरळीच्या आत सरकवली. खालच्या कप्प्याला नवीन कागद घातला. बरोबर मापाचा.

जेवण झाल्यावर ती पेन्सिल घेऊन नवीन कॅलेंडरसमोर उभी राहिली. चार तारखेच्या रविवारवर पेन्सिल टेकवली. मग थांबली. "रविवारी विहारात सावित्रीमाईंचा कार्यक्रम आहे. दिवस जाईल," ती म्हणाली. पेन्सिल उचलून तिने शनिवारच्या चौकोनात लिहिलं: ब्रेक.

३ जानेवारी, शनिवार

ब्रेक झाला. ठिपके जुळले. आई पार्किंगमध्ये स्टूल टाकून, शाल गुंडाळून बसली होती. प्रत्येक नटाला "बघू" म्हणून वाकून बघत होती.

वर येऊन तिने कॅलेंडरवर बरोबरची खूण केली. शेजारी किलोमीटर लिहिले. मग पायात चपला सरकवल्या.

"दूध संपलंय," ती म्हणाली. "चल, गाडीवर जाऊ."

ती मागे बसली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात दुधाची पिशवी. मी किक मारली. एकच लागली.